नोंद नाही म्हणून मदत नाही

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरदर्शनवर आले आणि त्यानंतर चार तासांनी देश बंद झाला. ज्याच्या घरात महिन्याचा पगार येत होता त्याला पहिले आठ-पंधरा दिवस सुट्टीसारखे गेले. पण परभणीच्या स्टेशन रोडवर, गांधी पार्कात, शिवाजी चौकात, गुजरी बाजारात ज्यांच्या गाड्या लागतात त्यांचे काय झाले, याचा हिशेब आजपर्यंत कोणी नीट मांडलेला नाही. कोरोनाने किती माणसे गेली याचे आकडे निघाले, त्यावर वादही झाले. पण या गाड्यांचे, या टपऱ्यांचे काय? त्या किती बुडाल्या हे सांगणारा कागद कोणत्याच कार्यालयात नाही, कारण त्या होत्या हे सांगणारा कागदच नव्हता. जन्माची नोंद नसलेल्याच्या मृत्यूचा दाखला कोण देणार?

हातगाडीचा धंदा कसा चालतो हे आधी समजून घेतले पाहिजे. पहाटे बाजारातून दोन-तीन हजारांचा माल उचलायचा, निम्मा रोखीने, निम्मा उधारीने. दिवसभर विकायचा. संध्याकाळी उधारी फेडायची, उरलेल्यातून पीठ-मीठ घ्यायचे आणि उद्याच्या मालाचे पैसे बाजूला काढून ठेवायचे. हे बाजूला काढलेले पैसे हेच त्याचे भांडवल. त्याच्यामागे गोदाम नाही, बँकेत ठेव नाही. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात हे भांडवलच घरात शिजले. चार टप्प्यांची टाळेबंदी ३१ मे पर्यंत चालली. जूनमध्ये रस्ते उघडले तेव्हा गाडी होती, थोडेफार गिऱ्हाईकही होते, पण गाडीवर मांडायला माल नव्हता आणि उधारी देणाऱ्या व्यापाऱ्याचे स्वतःचेच पैसे अडकले होते. कारखानदाराचा तोटा झाला तर त्याच्यामागे बँक उभी असते. गाडीवाल्याच्या मागे शेकडा दहाने पैसे देणारा उभा असतो.

आपल्या समाजाला हा घाव ऐन हंगामात बसला. एप्रिल म्हणजे भीमजयंतीचा महिना. १४ एप्रिलपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत गावोगाव मिरवणुका, प्रबोधनाचे कार्यक्रम, लग्ने. या दीड महिन्यात बँडवाले, हलगीवाले, मंडपवाले, लायटिंगवाले, कव्वालीच्या पार्ट्या, निळे झेंडे शिवणारे टेलर, फोटो आणि मूर्ती विकणारे, पुस्तकांची पथारी मांडणारे अशा कित्येक कुटुंबांची वर्षाची निम्मी कमाई होते. २०२० ची १२९ वी जयंती आपण घरातच साजरी केली, आणि ते योग्यच केले. पण बयाणा म्हणून घेतलेले पैसे बँडवाल्यांना परत द्यावे लागले, याचा विचार किती जयंती मंडळांनी केला? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा, असे सरकारने सांगितले. २०२१ च्या जयंतीलाही निर्बंध होते. दादर आणि नागपूरला पुस्तके, कॅलेंडर, बिल्ले घेऊन जाणाऱ्या विक्रेत्याचा धंदाच मुळी या दोन-तीन तारखांवर चालतो. चळवळीचे विचार ज्यांनी आपल्या खांद्यावरच्या पिशवीतून गावागावात नेले, त्यांच्या पिशवीत त्या दोन वर्षांत काहीच उरले नाही. या विषयावर आपल्याकडे एकही परिषद झाल्याचे मला आठवत नाही. साहित्य संमेलने मात्र ऑनलाइन झाली.

मदत जाहीर झाली नाही असे नाही. १२ मे २०२० रोजी वीस लाख कोटींचे पॅकेज जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी त्यातली सर्वात मोठी गोष्ट सांगितली. छोट्या-मध्यम उद्योगांना तीन लाख कोटींचे तातडीचे कर्ज, त्यासाठी तारण नाही, आणि बँकेला शंभर टक्के सरकारी हमी. कागदावर याहून चांगले काय असू शकते? पण अट वाचा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या वीस टक्के इतके नवे कर्ज मिळणार. म्हणजे ज्याच्याकडे वीस कोटींचे कर्ज होते त्याला चार कोटी. ज्याच्याकडे मुद्रा योजनेतले चाळीस हजार बाकी होते त्याला आठ हजार. आणि ज्याला बँकेने आयुष्यात कधी दारातच उभे केले नाही, त्याला वीस टक्के कशाचे? शून्याचे वीस टक्के शून्यच. शिवाय त्या तारखेला साठ दिवसांहून जास्त हप्ते थकलेला माणूसही बाहेर. म्हणजे आजारी माणसाला औषध द्यायचे, पण तो आधीपासून दवाखान्याचा सभासद असेल आणि फार आजारी नसेल तरच.

ही योजना पुढे वाढत वाढत पाच लाख कोटींच्या मर्यादेपर्यंत गेली आणि ३१ मार्च २०२३ रोजी संपली. सरकारी आकड्यांप्रमाणे १ कोटी १९ लाख कर्जदारांना तिचा लाभ झाला. तो लाभ खोटा आहे असे मी म्हणत नाही. अनेक छोटे कारखाने त्यामुळे तगले आणि तिथल्या कामगारांच्या चुली पेटत्या राहिल्या. माझा मुद्दा वेगळा आहे. संकटातली मदत जुन्या कर्जाच्या मापाने मोजली की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कर्जापासून दूर ठेवले गेले ते आपोआप मदतीपासूनही दूर राहतात. यासाठी कोणाला जातीयवादी असण्याचीही गरज पडत नाही. नियमच ते काम करतो.

हप्ते थांबवण्याची गोष्टही अशीच. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने तीन महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. वस्तीत लोकांचा समज झाला की हप्ते माफ झाले. माफ काहीच झाले नव्हते, व्याज चालूच होते. या व्याजावरच्या व्याजाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे पहिल्यांदा गेले ते आग्र्याचे एक चष्म्याचे दुकानदार होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे मोठमोठ्या संघटना त्यात उतरल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक स्वतः भरण्याचे ठरवले आणि २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने त्या सहा महिन्यांसाठी कोणाकडूनही व्याजावर व्याज घेऊ नये, घेतले असेल तर परत करावे किंवा पुढच्या हप्त्यात वळते करावे, असा निकाल दिला. वकील म्हणून मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. पण पन्नास हजारांच्या मुद्रा कर्जाला तो लावून पाहा. बारा टक्के दराने सहा महिन्यांचे सरळ व्याज तीन हजार रुपये, चक्रवाढीने तीन हजार शहात्तर. म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून टेलरच्या हातात शहात्तर रुपये आले. तीन हजार त्याच्या डोक्यावर राहिले ते राहिलेच.

१ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. टीका करायला हरकत नाही, पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रस्त्यावर बसून विकणाऱ्या माणसाकडे बँकेचा कर्जदार म्हणून पाहणारी एवढ्या मोठ्या प्रमाणावरची ही पहिलीच सरकारी योजना. दहा हजार रुपये, तारण नाही, वर्षभरात हप्त्यांनी फेड, वेळेवर फेडल्यास व्याजात सात टक्क्यांची सवलत. ते फेडले की पुढे वीस हजार, मग पन्नास हजार. दहा हजारांवरची ही सवलत वर्षाला साधारण चारशे रुपयांच्या घरात जाते. मोबाइलवरून पैसे घेतले तर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परतावा होता, पण व्यवहार किमान पंचवीस रुपयांचा असेल तरच तो मोजला जाणार. दहा रुपयांचा चहा विकणाऱ्याने दिवसाला दोनशे कप विकले आणि सगळ्यांनी मोबाइलवरून पैसे दिले तरी त्याच्या नावावर एकही व्यवहार नाही! ही अट लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने टपरीवर उभे राहून चहा कधी प्यायला नसावा.

या योजनेतली खरी अडचण कर्जाची नव्हती, कागदाची होती. २४ मार्च २०२० रोजी किंवा त्याआधी तुम्ही शहरात विक्री करत होता हे सिद्ध करा. ज्याच्याकडे नगरपालिकेचे विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे त्याचा प्रश्न नाही. पण ते असायला आधी सर्वेक्षण व्हायला हवे. पथविक्रेता कायदा २०१४ चा. त्यात दर पाच वर्षांनी एकदा तरी सर्वेक्षण करा असे लिहिले आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येणार नाही, असे त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. शहर विक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यात एक तृतीयांश महिला आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व, हेही कायद्यात आहे. रस्त्यावर व्यापार करणे हा घटनेच्या १९ (१) (छ) कलमाखालचा मूलभूत हक्क आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात पण तो नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग प्रकरणात १९८९ सालीच सांगितले. म्हणजे हक्क १९८९ चा, कायदा २०१४ चा, आणि महामारी आली २०२० साली. सहा वर्षे हाताशी होती. गावोगावच्या नगरपालिकांनी ती सहा वर्षे अतिक्रमण हटाव मोहिमांत घालवली. गाड्या उचलायला पथक होते, गाड्या मोजायला माणूस नव्हता.

सर्वेक्षणात नाव नसलेल्यांसाठी योजनेत शिफारसपत्राची सोय होती. जुनी बाजार पावती, संघटनेचे सभासदत्व, एखाद्या फायनान्स कंपनीच्या जुन्या कर्जाचा कागद, यातले काहीही चालत होते. आणि यातले काहीच नसेल तर साध्या कागदावर अर्ज करायचा आणि नगरपालिकेने जागेवर येऊन चौकशी करायची. ही शेवटची सोय आमच्या भागातल्या कितीतरी लोकांना कोणी सांगितलीच नाही. वस्तीतल्या विहारात आम्ही दोन-चार वकील आणि शिकलेली मुले अर्ज भरायला बसत होतो, तेव्हा रोज हेच ऐकायचो, “साहेब, आमच्याकडे कागदच नाही.” एक बांगड्या विकणारी ताई वीस वर्षे एकाच झाडाखाली बसत होती. तिच्या बसण्याचा पुरावा काय, तर ते झाड. शेवटी शेजारच्या तीन दुकानदारांनी लिहून दिले. त्यात एक मारवाडी दुकानदार होता, एक मुसलमान होता, हेही सांगितले पाहिजे. अर्ज भरण्यात दुसरी अडचण आधार कार्डाला जोडलेल्या मोबाइल नंबरची. नंबर कधीच बंद पडलेला, आणि टाळेबंदीत आधार केंद्रेही बंद. एका नंबरापायी दहा हजार अडले, अशी माणसे आम्ही रोज पाहिली.

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंध पुन्हा लावले तेव्हा मुख्यमंत्र्यांनी फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले. कोणत्या फेरीवाल्यांना? नोंदणीकृत. रिक्षावाल्यांनाही दीड हजार, परवानाधारकांना. जो दुसऱ्याची रिक्षा रोजाने चालवतो त्याला काय? पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर.

आता बँकेच्या आत जाऊ. अर्ज नगरपालिकेतून पुढे गेला तरी पैसे शाखेतून मिळतात, आणि शाखेतल्या खुर्चीवर बसलेला माणूस आपल्याच समाजव्यवस्थेतून आलेला असतो. अर्जावर आडनाव असते, पत्ता असतो. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर हे पत्ते वाचले की पुढचे वाचायची काहींना गरज वाटत नाही. सगळे अधिकारी असे नसतात. स्वतःच्या खिशातून झेरॉक्सचे पैसे देणारे अधिकारीही त्या काळात मी पाहिले. पण “नंतर या”, “टार्गेट संपले”, “तुमच्या एरियात वसुली होत नाही” ही तीन वाक्ये ज्याने ऐकली नाहीत असा आपल्यातला अर्जदार शोधावा लागेल.

इथे कायद्याचे एक हत्यार आहे आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना माहीत नाही याचे मला वाईट वाटते. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे स्वतंत्र परिपत्रक आहे. ते सांगते की या अर्जदारांचा अर्ज शाखेच्या पातळीवर फेटाळता येणार नाही. फेटाळायचाच असेल तर वरच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याने फेटाळावा आणि कारण स्पष्ट लिहावे. फॉर्म भरायला, बाकीच्या बाबी पूर्ण करायला बँकेच्या कर्मचाऱ्यांनी मदत करावी, असेही त्यात आहे. सरकारी स्वयंरोजगार योजनेत कर्ज देताना अमुक रकमेची ठेव आधी ठेवा, असा आग्रह धरता येत नाही. त्या काळात छोट्या उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचे नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम होता. तरीही तारण मागितले जात होते.

आमच्याकडे एक तरुण आला होता. चपला-बूट दुरुस्तीबरोबर बॅगा शिवण्याचा धंदा. एका शाखेने त्याला तीन वेळा तोंडी नकार दिला होता. चौथ्या वेळी आम्ही त्याला लेखी अर्ज घेऊन पाठवले, पोच घ्यायला लावली, आणि त्याच्याच सहीने एक पत्र दिले. पत्रात एवढेच लिहिले होते की माझा अर्ज नाकारायचा असल्यास रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने कारणासह लेखी कळवावे. त्यात धमकी नव्हती, घोषणा नव्हती, मोर्चाही नव्हता. तीन आठवड्यांत कर्ज मंजूर झाले. प्रत्येक ठिकाणी असे होईल असे मी म्हणणार नाही. पण तोंडी नकार आणि लेखी नकार यात किती अंतर असते ते त्या दिवशी त्या तरुणाला कळले. तीस दिवसांत बँकेने तक्रारीचे उत्तर दिले नाही किंवा पटण्यासारखे दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. (हे मी वकील असून सांगतो आहे.)

आणखी एक बाब. बौद्ध हे राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या कायद्याखालीही अल्पसंख्याक आहेत, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींनाही पात्र आहेत. अल्पसंख्याकांच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने देशातले १२१ जिल्हे निवडले, त्यात परभणी आहे. अशा जिल्ह्यात अग्रणी बँकेने फक्त अल्पसंख्याकांच्या कर्जाचा प्रश्न पाहणारा एक अधिकारी नेमायचा आहे. परभणी शहरात मुस्लिम आणि बौद्ध या दोन्ही समाजांची संख्या मोठी आहे आणि हातगाड्या, टपऱ्या, गॅरेज हे धंदे बहुतांश याच दोघांच्या हातात आहेत. या दोन समाजांनी एकत्र जाऊन तो अधिकारी कोण, त्याचे टेबल कुठे, असे कधी विचारले आहे का? निवडणुकीच्या वेळी एकत्र येण्याची भाषा होते, बँकेच्या दारात कोणीच एकत्र येत नाही.

आपल्या हक्काची महामंडळे होती ना, असे कोणी विचारील. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. पन्नास हजारांपर्यंतच्या प्रकल्पाला अनुदान योजना, त्यावर पाच लाखांपर्यंत बीजभांडवल योजना. बीजभांडवलात अर्जदाराचे पाच टक्के, महामंडळाचे वीस टक्के आणि बँकेचे पंचाहत्तर टक्के. म्हणजे महामंडळाने फाईल मंजूर केली तरी चावी पुन्हा बँकेच्याच हातात. महामंडळाची मंजुरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्ष-वर्ष शाखेच्या चकरा मारणारी माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतात. अण्णा भाऊ साठेंच्या नावाच्या महामंडळाचे काय झाले ते सर्वांनी पाहिले. तिथल्या गैरव्यवहारात २०१५ साली माजी अध्यक्षांनाच अटक झाली, आणि मातंग समाजाच्या गरजू तरुणांना महामारीच्या काळात जिथे जायचे ते दार आधीच खिळखिळे झालेले होते. केंद्राची स्टँडअप इंडिया योजना होती, दर शाखेमागे किमान एक अनुसूचित जाती किंवा जमातीचा उद्योजक. पण ती दहा लाखांपासून पुढे आणि फक्त नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगासाठी. जो चालता धंदा बुडत होता त्याला वाचवण्याची तरतूद तिच्यात नव्हती. दलित उद्योजक म्हटले की पेपरात कोट घातलेल्या माणसाचा फोटो येतो, त्याबद्दल आनंदच आहे. पण आपल्यातला खरा उद्योजक गाडी ढकलतो.

मग हा माणूस गेला कुठे? तो सावकाराकडे गेला. शेकडा दहा म्हणजे महिन्याला दहा टक्के, वर्षाला एकशेवीस. दहा हजार मागितले तर पहिल्या महिन्याचे कापून नऊ हजार हातात. शिवाय बायकोच्या नावावर बचत गटाचे आणि फायनान्स कंपनीचे हप्ते, ज्यांची वसुली दर आठवड्याला दारात. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांची मर्यादा २०१४ सालीच घालून दिली होती. तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. पण तक्रार करणार कोण? अडचणीत त्यानेच पैसे दिले होते, बँकेने नाही, असे लोक तोंडावर सांगतात आणि ते खोटे नसते. सावकाराला कायद्याने घाबरवता येईल, पण त्याची जागा घेणारी बँक नसेल तर त्याच वस्तीत उद्या दुसरा सावकार उभा राहील.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात, बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर आणि गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. गिऱ्हाईक येऊ लागले, आणि सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर यायचे थांबले. व्यवसाय बंद पडला. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला पैशाचा सल्ला विकता आला नाही. आपल्या चळवळीने बाबासाहेबांचा कायदा घेतला, धम्म घेतला, राजकारण घेतले. हा बंद पडलेला व्यवसाय मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतो. धंदा अकलेच्या कमतरतेने बुडत नाही, गिऱ्हाईक आणि भांडवल तुटले की बुडतो, हे त्यातून दिसते. म्हणून हातगाडीवाल्याला “बचतीची सवय लावा” असे सांगणाऱ्या शिबिरांचा मला कंटाळा येतो.

आज महामारी नाही, पण हा विषय संपलेला नाही. स्वनिधी योजनेत जुलै २०२५ अखेरपर्यंत ६८ लाख पथविक्रेत्यांना ९६ लाख कर्जे मिळून १३,७९७ कोटी रुपये वाटले गेले, असे सरकार सांगते. भागाकार करा, एका कर्जाला चौदा हजारांच्या थोडे वर पडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिला हप्ता पंधरा हजारांचा, दुसरा पंचवीस हजारांचा, तिसरा पन्नास हजारांचा झाला. दुसरे कर्ज फेडणाऱ्याला रुपे क्रेडिट कार्डही मिळणार आहे. क्रेडिट कार्डाबद्दल मला धाकधूक आहे, कारण ते वापरायचे कसे हे शिकवायला कोणी येणार नाही आणि थकले की वसुलीला सगळे येतील.

या वाढीत एक महत्त्वाची गोष्ट आहे जिच्याकडे आपल्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी तातडीने लक्ष द्यायला हवे. २०२० साली ही योजना शहरांपुरती होती. परभणी महापालिका आणि गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, सोनपेठ, पालम ही गावे तिच्यात बसली. पण आठवडी बाजार करणारा विक्रेता एका गावचा नसतो. तो सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या, शनिवारी परभणीत. आठवड्यातले पाच बाजार ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि एक शहरात. शहरालगतच्या खेड्यातून येऊन शहरात विकणाऱ्यांना शिफारसपत्र मिळू शकत होते, पण फक्त खेड्यांचेच बाजार करणाऱ्याला काहीच नव्हते, आणि मार्च २०२० मध्ये सगळ्यात आधी बंद झाले ते हे आठवडी बाजार. आता योजना शहरांच्या पलीकडे, जनगणनेत शहर म्हणून धरलेल्या गावांपर्यंत आणि शहरालगतच्या भागापर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरले आहे. कोणते गाव कोणत्या टप्प्यात हे आपोआप ठरणार नाही. ज्या गावातून यादी जाईल ते आधी येईल.

यादी करायला सरकारी माणसाची वाट पाहायची गरज नाही. बाजाराच्या दिवशी दोन मुले वही घेऊन उभी राहिली तर एका दिवसात नाव, धंदा, किती वर्षांपासून, आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे की बंद, एवढे लिहून होते. ती यादी ग्रामसभेत ठेवून ठराव करून घ्यायचा आणि त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्याला पोच घेऊन द्यायची. नऊ तालुक्यांत आपली विहारे आहेत, जयंती मंडळे आहेत, त्यांच्याकडे वर्गणीच्या वह्या भरपूर असतात. आणि बाजारात बसणाऱ्या आपल्या माय-बहिणींना एवढेच सांगायचे की बाजारकराच्या ठेकेदाराचा माणूस दहा रुपये घ्यायला आला की त्याच्याकडून तारखेची पावती मागून घ्यावी, नाही म्हणाला तर ग्रामसेवकाकडे जावे, आणि ती पावती भाकरीच्या फडक्यात न ठेवता घरी डब्यात ठेवावी.